आठ पायांचं कासव

१२ डिसेंबर १९७६, रविवार

काल फॅक्टरीच्या कँटीनमध्ये स्टोअरच्या रंगनाथ दिघोळेने बद्री-केदारच्या स्लाइड्स दाखवल्या. दीड तास. त्यातला बराच वेळ नुसता बर्फ. बर्फात दिघोळे. बर्फ काढून टाकल्यावर दिघोळे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पर्सोनेल ऑफिसरसाहेबांनी स्वतः हार घातला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हातात चहाचा कप होता. चहा संपल्यावरही कप खाली ठेवला नाही.

निश्चय : सातपूर एरियातल्या एकाही माणसाने पाहिली नसेल अशी गोष्ट पाहायची. आणि तिच्यात बर्फ नको.

१४ डिसेंबर

गोष्ट सापडली. सलूनमध्ये जुन्या साप्ताहिकात. कोकणच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत समुद्रातली कासवे रात्री वाळूत येतात, मागच्या पायांनी खड्डा करतात, अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि निघून जातात. लिहिणाऱ्याच्या मते हे दृश्य पाहायला भाग्य लागते. माझ्याकडे भाग्य आहे, फक्त आजवर वापरलेले नाही.

पान फाडून आणले. सलूनवाल्याला विचारले नाही. ज्ञान सगळ्यांचे असते.

१७ डिसेंबर

'सातपूर निसर्ग मंडळ' स्थापन केले. अध्यक्ष : झुंबर पगारे, म्हणजे मी. सभासद नंतर मिळतील. आधी अध्यक्ष लागतो.

रजा मंजूर. पर्सोनेल ऑफिसरसाहेब म्हणाले, परत आल्यावर पंधरा तारखेला कँटीनमध्ये भाषण ठेवू. दिघोळे तिथेच उभा होता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी पाहिला.

जाता जाता साहेबांनी नेहमीचा विषय काढला. सध्या सरकारचा कुटुंबनियोजनावर फार जोर. फॅक्टरीलाही टार्गेट दिले आहे. साहेब म्हणाले, पगारे, तीन मुलं झाली, आता ऑपरेशनचं मनावर घ्या. मी म्हणालो, विचाराधीन आहे. गेले सहा महिने मी हेच उत्तर देतो आहे. इतके दिवस टिकले म्हणजे खरेच असणार.

मी भीत नाही. वेळ मिळत नाही एवढेच.

२० डिसेंबर

चांगुणा म्हणते, मी पण येणार. कारण काय, तर तिने समुद्र पाहिलेला नाही. लग्नाला सोळा वर्षे झाली, कधी बोलली नाही. मी समजावले की समुद्र म्हणजे पाणीच, आणि पाणी आपण गंगापूर धरणावर पाहिले आहे. तर म्हणाली, "धरणाला पलीकडचा काठ दिसतो." याला उत्तर नव्हते असे नाही, पण ते त्या वेळी सुचले नाही.

शास्त्रीय कामात बायकामाणसांची अडचण होते हे शांतपणे पटवून दिले.

ती येणार आहे.

शिवाय तिचा भाऊ कोंडाजी निफाडहून येणार. ओझे उचलायला. उन्हाळ्यात त्याचे लग्न झाले आहे. पायात चोवीस तास बायकोने विणलेले लाल मोजे घालतो आणि कोणी विचारले नाही तरी कोणी विणले ते सांगतो. मुले निफाडला आजीकडे ठेवायची.

२६ डिसेंबर

तयारी जवळजवळ पूर्ण.

तंबू : मिळाला नाही. मंडपवाल्याकडून लग्नाची कनात घेतली. लाल, पिवळी झालर. म्हणाला, वर 'सुस्वागतम' फुकट देतो. घेतले.

कपडे : फॅक्टरीच्या लॅबमधला पांढरा कोट. वाळू झटकायला बरा.

प्रथमोपचाराची पेटी. गॅसबत्ती. कॅमेरा, फ्लॅशचे बल्ब. एक पत्र्याचा भोंगा. निरीक्षणाच्या वेळी गावकऱ्यांना 'शांतता राखा' असे ओरडून सांगावे लागेल.

बोर्ड फॅक्टरीच्या पेंटरकडून करून घेतला. 'निसर्ग निरीक्षण कॅम्प' एवढे मावेना, म्हणून 'नि. नि. कॅम्प, नाशिक' असे लिहिले. कोपऱ्यात आपणहून एक लाल त्रिकोण काढून दिला. म्हणाला, हल्ली कॅम्पच्या बोर्डावर हा असतोच. छान उठून दिसतो.

२ जानेवारी १९७७, रविवार

एसटीत. नाशिक-पनवेल-महाड. कनातीचे बांबू वर टाकायला कंडक्टर तयार नव्हता. त्याला मोहिमेचे महत्त्व सांगितले. त्याने बांबूचे हाफ तिकीट फाडले.

कोंडाजीला गाडी लागते हे कोणी सांगितले नव्हते. भोंगा उपयोगी पडला. धुतला.

३ जानेवारी, सोमवार. माडवेळ

पोचलो. एसटी खाडीपर्यंतच येते. पुढे खाडी ओलांडायला तर. तरवाल्याने सगळे सामान मुकाट घेतले, पण मध्यावर आल्यावर बोर्ड वाचला. मला विचारले, कसला कॅम्प? मी गूढ हसून म्हणालो, रात्री कळेल. त्याने धक्क्यावर न नेता जवळात जवळ जो चिखल दिसला तिथे आम्हाला उतरवले आणि पैसे न घेता परत वल्हवत गेला. फार भोळी माणसे.

कोंडाजी मांडीपर्यंत रुतला. दोघांनी ओढून काढला. मोजे शाबूत.

सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि समुद्र दिसला. चांगुणा उभी राहिली. मी म्हणालो, सांगितलं होतं ना, पाणीच आहे. तिने पायातल्या चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि सरळ पाण्यात चालत गेली. लुगडे भिजते आहे याचे भान नाही. कनात उभारायची सोडून तासभर तिथेच. मी चपला धरून किती वेळ उभा राहणार? कामाचा खोळंबा.

मुक्काम नवसाबाई नावाच्या बाईच्या पडवीत. मी किनाऱ्यावर कनातीत राहणार, चांगुणा पडवीत झोपणार. नवसाबाईला कासवांबद्दल विचारले. ती म्हणाली, "कासव काय बघायचा? ती काय नाचते का?" अशा लोकांत जागृती करणे आलेच.

सायंकाळी पांढरा कोट घालून, पेटी काखेत मारून गावातून फेरी काढली. भोंग्यातून सांगितले : सर्व पुरुष मंडळींनी रात्री कॅम्पवर यावे. नाव, वय, अनुभव लिहून घेतला जाईल. घाबरू नये. कोणालाही इजा होणार नाही.

कासव पाहिलेल्यांचे अनुभव गोळा करावेत हा हेतू.

धडाधड दारे लागली. कोकणातले लोक फार शिस्तीचे. दिवेलागणीलाच झोपतात.

रात्री कोणी आले नाही. कासवही नाही. कोंडाजी कनातीत घोरत होता, पण मी 'घाबरू नये' म्हणालो तेव्हापासून तो जरा गप्पच होता.

४ जानेवारी

गावात एकही पुरुष नाही. म्हातारे, पोरे सोडून. बायकांना विचारले तर म्हणाल्या, मासे मारायला गेले. होड्या मात्र सगळ्या किनाऱ्यावर. म्हणजे इथे पोहत जाऊन मासे मारतात. नोंद केली.

कोंडाजीही नाही. घोंगडीसकट गायब. मासेमारी शिकायला गेला असावा. तेवढीच जिज्ञासा.

दुपारी चांगुणा पोट धरून हसत आली. तिचे म्हणणे असे की, गावाने आम्हाला नसबंदीवाले समजून धूम ठोकली आहे. पांढरा कोट, पेटी, बोर्डावरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. 'नि. नि.' म्हणजे काहीतरी नियोजन असा अर्थ लावला. आणि कोंडाजीने म्हणे रात्री बोर्डाकडे नीट पाहिले, त्याला वाटले की दाजींनी साहेबाचे टार्गेट पुरे करायला मला गोड बोलून इथवर आणले. लग्नाला आठ महिने, अजून पाळणा हलायचा आहे, म्हणून तोही बनात पळाला.

मी म्हणालो, हा तुझा गैरसमज आहे. सुशिक्षित माणसाकडे पाहून कोणी असे पळत नाही.

बायकांना तिने खरे काय ते सांगितले आहे. मग त्या नवऱ्यांना का सांगत नाहीत? तर नवसाबाई म्हणाली म्हणे, "सांगू गो, शनवारी सांगू. लगीन झाल्यापासून अशी सुटी गावली नाय. चाय मागायला कोण नाय, आमटीत मीठ कमी झाला म्हणून ओरडायला कोण नाय." चांगुणालाही हे पटलेले दिसते. दोघी मिळून दुपारभर समुद्रात. खडकांवरची कालवे काढायला शिकते आहे. कासवाच्या कामी तिचा काडीचा उपयोग नाही.

निश्चय : आज रात्रभर गॅसबत्ती मोठी करून बसणार. कासवाला कॅम्प लांबून दिसायला हवा.

५ जानेवारी, पहाटे

चंद्राच्या उजेडात लिहितो आहे. अक्षर वाईट येईल.

पाहिले!

चंद्र चांगला मोठा होता. बत्तीतले रॉकेल संपले म्हणून उठलो, तर उत्तरेकडच्या टोकाला, बनाच्या कडेला, काळा प्रचंड आकार. कासव. पोटावर सरपटत जवळ गेलो. लांबी अंदाजे बारा फूट. पाठ गुळगुळीत, डांबरासारखी काळी, मासळीचा वास. बिलकुल हालचाल नाही. आतून मात्र एक विलक्षण आवाज. घोरल्यासारखा. कासवे घोरतात हे त्या साप्ताहिकातही नव्हते!

फ्लॅश मारला.

कासव जागच्या जागी उठले. वीतभर नाही, चांगले कमरेइतके. आणि पळत सुटले. सरळ बनात. कासवाला चार पाय असतात असे शाळेत शिकवतात. हे साफ चूक आहे. मी स्वतः मोजले. आठ. पैकी दोन पायांना लाल रंगाचे काहीतरी. प्रवाळ असावे.

पळताना ते 'आई गं' असे ओरडले. म्हणजे तसा भास झाला. वाऱ्यामुळे.

दिघोळेच्या बर्फाला पाय नव्हते.

त्याच दिवशी, सायंकाळी

चांगुणाला सगळे सांगितले. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, तुम्ही थोडं झोपून घ्या.

तिचे आणखी एक. पहाटे नवसाबाईबरोबर खाडीच्या तोंडाकडे गेली होती, तिथे तिला एक कासव दिसले. पाण्यात परत चालले होते. मी विचारले, केवढे? तिने हात पसरून दाखवले. जेमतेम अडीच फूट. पिल्लू असणार. पाय? चार. म्हणजे पायही पुरते फुटलेले नाहीत.

ती म्हणाली, "अहो, ती दमली होती. दोन पावलं टाकायची, थांबायची. मी पाठीमागं चालले तर मला काहीच म्हणली नाय. लाट आली, तिला उचललं, आन् गेली." हे सांगताना तिचा आवाज वेगळाच झाला. थंडी बाधली असेल. अंगावर घ्यायला दिले.

म्हणते, आज रात्री आमच्याबरोबर चला. बत्ती नको, भोंगा नको, कोट नको, नुसते गप बसायचे. ती माणसाला नाही, उजेडाला बुजते असे नवसाबाई म्हणते.

६ जानेवारी, सकाळी

गेलो नाही. बारा फुटांचे सोडून अडीच फुटांच्या मागे कोण जाईल? आणि माझे कासव बत्तीला भ्याले नव्हते. त्याला घोरायला बत्तीचा काही त्रास नव्हता.

रात्रभर उत्तरेच्या टोकाला बसलो. आले नाही. लाजाळू आहे.

चांगुणालाही काल काही दिसले नाही, तरी रात्रभर वाळूत बसून खुशीत परत आली. तिला मोहिमेचा हेतूच कळलेला नाही.

७ जानेवारी, शुक्रवार. दुपार

काल सायंकाळपासूनचे लिहायचे राहिले आहे. काही गोष्टी लिहाव्यात की नाही असा विचार होता. रोजनिशी माझीच आहे, म्हणून लिहितो.

काल ऊन उतरताना खाडीपलीकडून तरीत बसून एक डॉक्टरीणबाई आली. बरोबर एक पेटी घेतलेला माणूस. तालुक्याला बातमी गेली होती की माडवेळला कॅम्प लागला आहे आणि तो कोणाचा हे कोणालाच माहीत नाही. ती चौकशीला आली. खरोखरची कुटुंबनियोजनवाली. कनात पाहून तिला फार आनंद झाला. म्हणाली, इतका चांगला मंडप तर आम्हाला तालुक्यालाही मिळत नाही.

मला विचारले, कुठलं युनिट? मी म्हणालो, सातपूर. केसेस किती झाल्या? मला वाटले कासवांबद्दल विचारते. म्हणालो, एक मिळाली होती, पण पळाली.

ती म्हणाली, पळतातच. मग तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि मुले किती विचारले. मी बेसावध होतो. तीन, म्हणालो. आणि तुमचं स्वतःचं ऑपरेशन?

मी म्हणालो, विचाराधीन आहे.

तिने पेटीवाल्याकडे वळून सांगितले, "लिहून घ्या यांचं नाव."

त्याच क्षणी मला उत्तर टोकाच्या निरीक्षणाची आठवण झाली. माफी मागून निघालो. झपझप चाललो. कोटाचे मागचे टोक वाऱ्यात उडत होते, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला पळतो आहे असे वाटू शकते. एक चप्पल राहिली.

तोवर अंधार पडला. बनाच्या पुढे, वाळूत खाली, तेच काळे, बारा फुटी. माझे कासव. एरवी मला आनंद झाला असता. पण मागून टॉर्चचा उजेड येत होता. मी कासवाच्या आडोशाला पालथा पडलो, तर कासवाच्या खालून हात आला, त्याने माझा घोटा धरला आणि मला आत ओढले.

"दाजी, गप! आत या!"

कोंडाजी. आणि नवसाबाईचा नवरा बारकू. आणि आणखी दोघे, त्यांची नावे विचारायची ती वेळ नव्हती. वर उपडी होडी. रोज रात्री हे लोक होडी उचलून उजेडापासून दूर नेत होते आणि तिच्याखाली झोपत होते. चार माणसे. कोंडाजीच्या पायात लाल मोजे.

पायांच्या संख्येबद्दल सध्या काही लिहीत नाही.

बारकूने माझ्या पांढऱ्या कोटाकडे पाहिले आणि तो होडीसकट उठायला लागला. कोंडाजीने त्याला दाबून बसवले आणि म्हणाला, आमचे दाजी आहेत, त्यांनाच धरायला बाई आली आहे. हे ऐकून बारकूचे मन एकदम मोकळे झाले. त्याने मला अर्धी बिडी दिली. "तुमचापन नाय झाला?" म्हणाला. मी म्हणालो, नाही. आयुष्यात मला कुठल्याही मंडळात इतक्या पटकन सभासद करून घेतलेले नाही.

टॉर्च आला, गेला. मग पुष्कळ वेळ काही नाही. पाठीला फळी, तोंडात वाळू, शेजारी चार माणसांची चार दिवसांची आंघोळ.

आणि मग तो आवाज.

बाहेर, माझ्या कानापासून हातभर अंतरावर, कोणीतरी वाळू ओढत होते. सर्र. थांबायचे. सर्र. मोठा उसासा, दमलेल्या म्हातारीसारखा. मग होडीवर वाळूचा सपकारा. ढप. पुन्हा ढप. बारकू माझ्या कानात म्हणाला, "कासवीन. अंडी घालतेय. व्हडीलाच टेकून."

मी एकदम उठलो. डोके फळीवर आपटले. कोंडाजीने मला कमरेला मिठी मारली. म्हणाला, "दाजी, तुम्ही भाईर निघाले की आमी सगळे घावलो. पाया पडतो." बारकूने पाय धरले. मी म्हणालो, अरे, मी याच्यासाठीच नाशिकहून आलो आहे. कोंडाजी म्हणाला, ऐका की मग.

तेवढ्यात बायकांचे आवाज. अगदी हळू. चांगुणा, नवसाबाई आणि ती डॉक्टरीणबाई. शेवटची तर चुकली म्हणून बाई नवसाबाईकडेच राहिली होती आणि या दोघी तिला कासव दाखवायला घेऊन आल्या होत्या. टॉर्च विझवून.

"बसा बाई, इथं मागं बसा," चांगुणा म्हणाली. "तिच्या तोंडासमोर नको."

"बाप रे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "किती खोल गेलेत पाय."

मी फळीच्या फटीला डोळा लावला. चंद्रप्रकाशात मला दिसले ते असे : डॉक्टरीणबाईच्या पातळाचा काठ, निळा. चांगुणाचा पाय, जोडवी. बाकी वाळू. कासव फटीच्या बरोबर डावीकडे होते. मी मान वाकडी केली. माझी मान तिथवर वळत नाही.

"पडलं बघा एक," नवसाबाई म्हणाली. "आता थांबायची नाय ती. शंभर तरी घालील."

"शंभर?"

"सवाशे पन घालते येखादी."

मग डॉक्टरीणबाई म्हणाली, "सकाळपासून तीन गावं फिरले. दोन मुलं पुरे, तीन पुरे, सांगून घसा बसला. आणि ही बघा."

नवसाबाई म्हणाली, "हिचा नाव लिवून घ्या."

तिघी हसायला लागल्या. तोंडावर पदर दाबून, आवाज न करता. फळीला टेकलेल्या माझ्या कपाळाला ते हसणे जाणवत होते. होडीखालीही बारकू हसत होता, मेला. कासव मात्र आपले काम करत राहिले. ढप. ढप.

मग चांगुणा म्हणाली, "बाई, ती रडती हो."

"रडत नाही. अंगातलं जादा मीठ डोळ्यांवाटे बाहेर टाकते."

"आसंल," चांगुणा म्हणाली. "पण इतक्या लांबून आली, एकटी, जड आंग ओढीत. आन् पोरांचं तोंडबी बघायला मिळायचं नाय तिला. मीठ टाकीत आसंल नायतर काय बी. मला रडती आसंच दिसतंय."

मला नाक शिंकरल्याचा आवाज आला. कोणी शिंकरले ते फटीतून कळले नाही.

माझे नाक माझ्या डोळ्यांजवळच असल्यामुळे आणि वाळू गेल्यामुळे मलाही थोडा त्रास झाला.

कासवीण गेली तेव्हा सगळ्या तिच्या मागे पाण्यापर्यंत गेल्या. आवाज लांब गेले. मी त्या संधीचा फायदा घेऊन बाहेर डोके काढले. वाळूवर ओढत गेल्याची रुंद खूण. पाण्याच्या कडेला तीन बाया उभ्या. कासव नाही.

आज सकाळी डॉक्टरीणबाई पहिल्या तरीने गेली. चांगुणाजवळ निरोप ठेवून : तुमच्या मिस्टरांना सांगा, माझ्याकडे ऑपरेशनचं सामानच नव्हतं, मी फक्त नावं लिहायला आले होते.

यावर माझे मत : हे तिने आधी सांगायला हवे होते.

बारकू बाहेर आला तो सरळ अंडी उकरायला बसला. इकडे खातात. नवसाबाई म्हणाली, "हात लाव, की तर फिरवून बाईला परत आनते." तो उठला. मग तिने माडाच्या झापाने सगळ्या खुणा झाडून टाकल्या.

चांगुणा माझ्या केसांतली वाळू काढत बसली. बरीच होती.

८ जानेवारी

परतीची एसटी. खाडी दिसेनाशी होईपर्यंत चांगुणा मान वळवून बसली होती. महाडपर्यंत शेजारच्या बाईला कासवाची सगळी हकिकत सांगितली. मी झोपल्याचे दाखवून ऐकली. अंडी चेंडूसारखी गोल असतात. पांढरी. पडताना दबतात, फुटत नाहीत. उपयुक्त माहिती.

मी असे धरून चालतो की शास्त्रीय निरीक्षणात डोळ्यांना अवास्तव महत्त्व दिले जाते.

१३ जानेवारी

फोटो धुऊन आला. एकच. उपडी होडी, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या, मोजे. स्टुडिओवाल्याने विचारले, कोणती स्पर्धा? मी म्हणालो, कोकणात असते.

फोटो भाषणात दाखवणार नाही. प्रकाशयोजना कमी पडली आहे.

१५ जानेवारी, शनिवार

भाषण रद्द. कँटीनला चुना द्यायचे काम निघाले. नवीन तारीख कोणी सांगितली नाही. मीही घाईघाईने विचारली नाही. दिघोळे भेटला, मला वाटले टोमणा मारेल, तर त्याला माझे भाषण होते हेच आठवत नव्हते. हे जास्त लागले.

१६ जानेवारी, रविवार. रात्री

आज सायंकाळी आमच्या ओट्यावर कॉलनीतल्या बाया जमल्या. चांगुणाने कासव सांगितले. आधी पाच-सहा जणी होत्या, मग लायनीच्या पलीकडून आल्या, मग पोरे, मग कोपऱ्यावरचे आपले दुकान बंद करून सुलाबाई. दिघोळेच्या बायकोला बसायला जागा मिळाली नाही, ती शेवटपर्यंत उभी होती. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. कोणी खोकलेही नाही. मी आत दाराआड बसून मुद्दे काढत होतो, पण मध्येच लिहायचे थांबलो. ऐकायला बरे वाटत होते. मी तिथे असूनही असे काही झाले होते हे मला माहीत नव्हते.

शेवटी सुलाबाईने विचारलेच, "आन् पगारेभाऊंनी काय बघितलं?"

मी पेन्सिल धरून बसलो. चड्ड्या, मोजे, डॉक्टरीणबाई, सगळे डोळ्यांपुढे आले.

चांगुणा म्हणाली, "ते तर समद्यांत जवळ होते. हातभर लांब. आमी आपल्या मागं बसलो होतो."

बायांनी माना वळवून दाराकडे आदराने पाहिले. मी बाहेर येऊन नमस्कार केला. जयभीम झाले. जे सत्य आहे ते सत्य आहे. हातभरच होते. मध्ये एक फळी होती, पण फळीबद्दल कोणी विचारले नाही.

जेवताना, पुढेमागे भाषण झालेच तर तयारी असावी म्हणून, सहज विचारल्यासारखे विचारले : कासवाला शेपटी असते का गं?

तिने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

"तुम्ही जवळ होते ना," म्हणाली. "तुम्हीच सांगा."

अजून विचार करतो आहे.